समईची ज्योत आणि पेट्रोलची वाफ

गावात मोटारसायकली नुकत्याच आल्या होत्या, तेव्हाची गोष्ट. पेट्रोल पंप होता लांब तालुक्याला, म्हणून दामोदरने जास्तीचं पेट्रोल सरबताच्या बाटलीत भरून देवघराच्या कोपऱ्यात ठेवलं. बूच सैलच होतं.

वाफेला बाटलीत चैन पडेना. ती बुचातून निसटली आणि जमिनीलगत सरपटत समईकडे निघाली.

"ताई, मला जवळ घे ना!"

"तिथंच थांब!" ज्योत थरथरली. "माझा नुसता स्पर्श झाला तरी हे घर उरायचं नाही."

"मला थांबता येत नाही गं! दारं-खिडक्या बंद, जाऊ तरी कुठं?"

ज्योतीलाही हलता येईना. वाफ हातभर अंतरावर आली, तशी ज्योतीने मान खाली घातली आणि स्वतःला तेलात बुडवून घेतलं.

इतक्यात दामोदरची बायको इंदुमती अंगणातून आत आली. "अगबाई! देवापुढचा दिवा विझला!" घाईघाईने काडी काढून ती समईपाशी वाकली आणि उग्र वास तिच्या नाकात घुसला. काडी तशीच हातात राहिली. तिने दारं-खिडक्या सताड उघडल्या, बाटली उचलली आणि परसातल्या खोपीत नेऊन पेट्रोल घट्ट झाकणाच्या डब्यात ओतलं.

दामोदर घरी आला. अंधारी समई पाहून त्याचा चेहरा उतरला. "तिन्हीसांजेला दिवा विझला? मोठा अपशकुन झाला की गं!"

"अपशकुन तुम्ही बाटलीत भरून आणला होता," इंदुमती कडाडली. "दिवा विझला म्हणून आपण उरलो."