मुनियाची पापुद्र्यांची गादी

एक होती मुनिया. केवढी? बाबांच्या अंगठ्याएवढी. बरं, दोन अंगठ्यांएवढी. पण त्याहून मोठी नाही हं!

पेरूच्या झाडावर तिचं घरटं. घरट्यात कापसाची गादी. आज गादीवर अंडी घालायची होती.

तेवढ्यात आला वारा. सूं सूं सूंऽऽ! गादी उडाली. भुर्र! गेली ती गेलीच.

"अगं बाई! आता अंडी कुठे ठेवू? त्यांना काड्या टोचतील की!" मुनिया रडवेली झाली.

मग तिला आठवलं. समोर शेवंतामावशीचं घर. मावशी घरीच कॉफी भाजते. भाजली की दाण्यांचे पापुद्रे सुटतात. मऊ मऊ, हलके हलके. गादीला अगदी झकास!

टुणुक टुणुक, मुनिया खिडकीत आली. शेगडीवर कढई. कढईत कॉफीचे दाणे. हिरवट, कच्चे.

"दाण्या दाण्या, पापुद्रा दे.
माझी गादी होईना!"

दाणा म्हणाला, "पापुद्रा अंगाला घट्ट चिकटलाय. कढई तापली तर सुटेल. नाहीतर नाही!"

टुणुक टुणुक, मुनिया कढईकडे वळली.

"कढईबाई, कढईबाई, ताप ना!
दाणा पापुद्रा देईना,
माझी गादी होईना!"

कढई म्हणाली, "मी गारठलेय. शेगडी पेटली तर तापेन. नाहीतर नाही!"

टुणुक टुणुक, मुनिया शेगडीजवळ गेली.

"शेगडीताई, शेगडीताई, पेट ना!
कढई तापेना,
दाणा पापुद्रा देईना,
माझी गादी होईना!"

शेगडी म्हणाली, "मी आपली आपण कशी पेटू? मावशी उठली तर पेटेन. नाहीतर नाही!"

टुणुक टुणुक, मुनिया पडवीत आली. पडवीत झोळी टांगलेली. झोळीत छबी. मावशीची छोटुकली. मावशी झोळीची दोरी ओढत होती. ओढून ओढून दमली होती.

"मावशी मावशी, ऊठ ना!
शेगडी पेटेना,
कढई तापेना,
दाणा पापुद्रा देईना,
माझी गादी होईना!"

मावशी म्हणाली, "कशी उठू गं बाई? माझे हात दोनच! एका हाताने कढई धरायची. दुसऱ्या हाताने दाणे हलवायचे. हात थांबला की दाणे करपले! परवा छबी रडली, मी धावले, आणि कॉफीचा झाला कोळसा! छबी झोपली तर उठेन. नाहीतर नाही!"

टुणुक टुणुक, मुनिया झोळीच्या काठावर बसली.

"छबी छबी, झोप ना!
मावशी उठेना,
शेगडी पेटेना,
कढई तापेना,
दाणा पापुद्रा देईना,
माझी गादी होईना!"

छबी म्हणाली, "ट्यँहँ! आई थांबली की झोळी थांबते. झोळी थांबली की मी जागी. झोळी आपोआप हलली तर झोपेन. नाहीतर नाही! ट्यँहँ ट्यँहँ!"

मुनियाने झोळीकडे पाहिलं.

"झोळीबाई, झोळीबाई, हल ना!
छबी झोपेना,
मावशी उठेना,
शेगडी पेटेना,
कढई तापेना,
दाणा पापुद्रा देईना,
माझी गादी होईना!"

झोळी म्हणाली, "मला कुणी ढकललं तर हलेन. वाऱ्याला सांग. नाहीतर नाही!"

वारा? तोच तो गादीचोर? मुनियाला आला राग. पण अंडी तर आजच घालायची होती. मग काय करते बिचारी! भुर्र भुर्र भुर्र, टेकडीवर गेली. वारा गवतात लोळत होता.

"वाऱ्या वाऱ्या, वाहा ना!
झोळी आपोआप हलेना,
छबी झोपेना,
मावशी उठेना,
शेगडी पेटेना,
कढई तापेना,
दाणा पापुद्रा देईना,
माझी गादी होईना!"

वारा म्हणाला, "छट्! मी नाही कुणाचं ऐकत. तुझी गादी गेली, त्याला मी काय करू?"

मुनियाने पिसं फुगवली. एवढीशी मुनिया, पण आवाज केवढा!

"गादी नेली कुणी? तूच! तुझा खेळ झाला, माझं घर उघडं पडलं!"

वारा लोळायचा थांबला. गवताचं पातंसुद्धा हलेना.

"ती तुझी गादी होती? मला वाटलं, नुसताच कापूस. चुकलंच माझं. चल, येतो."

"पण हळू हं! जोरात आलास तर शेगडी विझेल."

वारा हळूच आला. पडवीतच थांबला. फूं... फूं...

झोळी हलली. झुलू झुलू.
छबी झोपली. घुर्र घुर्र.
मावशी उठली. पाय न वाजवता!
शेगडी पेटली. भक्!
कढई तापली. चांगली तापली.

मावशीने दाणे हलवले. खरखर खरखर. हात काही थांबवला नाही. हिरवे दाणे पिवळे झाले. पिवळे दाणे तपकिरी झाले. आणि मग, तड! तड! तडतडतड! दाण्यांनी पापुद्रे सोडले. घरभर वास सुटला. अहाहा!

मावशीने दाणे सुपात ओतले. पडवीत आणून पाखडले. फट् फट् फट्. दाणे राहिले सुपात. पापुद्रे उडाले वर!

"अरे अरे, चालले की!" मुनिया ओरडली.

"चालले नाहीत. तुझ्याकडेच येतायत," वारा म्हणाला. त्याने पापुद्रे अलगद उचलले. एकही सांडला नाही. थेट पेरूच्या झाडावर नेले आणि घरट्यात ठेवले.

झाली गादी! मऊ मऊ, ऊबदार.

मुनियाने अंडी घातली. एक, दोन, तीन. पांढरी पांढरी. आणि ती त्यांच्यावर पंख पसरून बसली. आता कुण्णाला काही टोचणार नव्हतं.

मावशी गरम गरम कॉफी प्यायली. छबी तोवर गाढ झोपली होती.

आणि वारा? तो अजूनही सूं सूं करत हिंडतो. पण पेरूचं झाड आलं ना, की चवड्यांवर चालतो.

वाऱ्याने नेलं, वाऱ्याने दिलं,
मुनियाचं घरटं उबेने भरलं!