हत्तीचा अहंकार

सुरगडच्या राजाचा हत्ती मिरवणूक वेशीत आली की खाली बसे आणि लवकर उठत नसे. राजगुरू श्रीधराचार्यांनी निदान केले, "त्याला अहंकार जडला आहे. जंगलात सोडून द्यावा." राजाने मान डोलावली. माहूत रडकुंडीला आला.

राणी चंद्रावळीला मात्र कुतूहल वाटले. तिने विचारले, "आचार्य, अहंकार जडला हे कशावरून?"

"वेशीत बसतो, त्यावरून."

"आणि बसतो कशामुळे?"

"अहंकारामुळे, राणीसाहेब."

"हे तर घाण्याच्या बैलासारखे झाले, फिरून फिरून तिथेच. बरे, तो बसल्यावर तुम्ही काय करता?"

"शांतिमंत्र म्हणतो आणि गुळाची ढेप भरवतो. मग उठतो."

राणी म्हणाली, "उद्याच्या मिरवणुकीत मंत्र वेशीतच म्हणा. ढेप मात्र पलीकडे देवळापाशी ठेवू."

दुसऱ्या दिवशी हत्ती सवयीने बसला. मंत्र झाले, पण गूळ येईना. त्याने सोंड आपटली, चीत्कार केला. माहूत ढेप आणायला निघाला, पण राणीने कोणाला पुढे जाऊ दिले नाही. अखेर हत्ती उठला आणि थेट देवळापाशी जाऊन गूळ खाऊ लागला. पुढच्या मिरवणुकांत त्याने बसणेच सोडले.

"पाहिलेत महाराज," आचार्य म्हणाले, "माझ्या मंत्रांनी अहंकार गेला."

राणी म्हणाली, "मंत्र तर आधीही तेच होते, आचार्य. जागची हलली ती ढेप, आणि तिच्यामागे हत्ती. अहंकार कोणाचा होता, ते आता तुम्हीच सांगा."

राजाला हसू आवरेना. माहूत तोवर हत्तीला घेऊन नदीवर गेलासुद्धा होता.