हौसाच्या वहीतली आडवी रेघ

सांगा बरं पोरांनो, विश्वास ठेवायचा तर कुणावर ठेवायचा? गोड बोलतो त्याच्यावर? कडक इस्त्रीचा सदरा घालतो त्याच्यावर? चाळीस वर्षं मी तराजूमागे बसलोय. एकदा एका व्यापाऱ्याची वही पाहून मीच भुललो होतो. मोत्यांसारखं अक्षर, एक म्हणून खाडाखोड नाही! त्याच्या तूरडाळीत निघाले ओंजळभर नव्हे, घमेलंभर खडे. तेव्हापासून ज्याच्या वहीत खोडलेलं दिसतं, त्याच्यावर मी आधी विश्वास ठेवतो. का, ते हौसाची गोष्ट ऐकलीत की कळेल.

हौसा आठ वर्षांची. गावाबाहेर बंद पडलेल्या गिरणीमागे पत्र्याच्या खोपीत आईबरोबर राहायची. पावसात पत्रा गळायचा, उन्हात तव्यासारखा तापायचा. आई पहाटे वीटभट्टीवर जायची, ती दिवेलागणीलाच परतायची. मधला सगळा दिवस हौसा एकटी, सोबतीला फडक्यात बांधलेली अर्धी भाकरी.

म्हणून ती द्वारकामावशींच्या आसऱ्यात जायची. गाडीखाली आलेली, मांज्यात अडकलेली, कुणी टाकून दिलेली मुकी जनावरं मावशी आणि त्यांची चार माणसं तिथे सांभाळत. मी कण्या आणि कोंडा पोचवायला जायचो, म्हणून हे सगळं डोळ्यांनी पाहिलेलं. मावशींची नजर अधू झाली होती, तेव्हा तिथली नोंदवही हौसा लिहायची: कोण आलं, कुठून आलं, कुठे सोडलं.

संक्रांत नुकतीच सरली होती. आसऱ्यामागे गुलबक्षीची झुडपं होती, काही राणी रंगाची, काही पिवळीधमक, आणि काही फुलांत दोन्ही रंगांचे शिंतोडे. ऊन कललं, कळ्या टपटप उघडू लागल्या, आणि हौसाला फांदीवरच्या मांज्यात काहीतरी लुकलुकताना दिसलं.

"अगं बाई, चिमणी अडकली!" म्हणत ती धावली. मांजा ओढायचा नसतो, कापायचा असतो, हे मावशींनी तिला शिकवलं होतं. तिने इवल्याशा जिवावर अलगद ओढणी टाकली आणि कात्रीने एकेक धागा कापला. ओढणी बाजूला केली, तर काय! बोटाएवढी पिटुकली परी! गुलबक्षीच्या पाकळीचा झगा, दवबिंदूंचा मुकुट, आणि पंख असे झळाळते की हौसाने डोळ्यांवर हात धरला.

"घाबरू नकोस, हौसे," परी किणकिणली. "तू मला सोडवलंस. तीन इच्छा माग. पण नियम ऐक. इच्छा तुझ्यासाठी नाही, इथल्या जिवांसाठी. ती त्यांच्या नावाखाली वहीत लिहायची. आणि त्या नावाची ओळ खरी असेल, तरच ती फळेल."

"ओळ खरी म्हणजे?"

"वही माझ्याहून जास्त जाणते," एवढंच म्हणून परी फुलात शिरली.

हौसाने लिहिलं, लंगड्या गाढवीचा पाय बरा होऊ दे. अक्षरं सोन्यासारखी चमकली आणि गाढवी अंगणभर उधळली! दुसऱ्या दिवशी घुबडाच्या पिल्लासाठी लिहिलं. पिल्लाचा मोडका पंख सरळ झाला, आणि ते छपरावर बसून सगळ्यांकडे डोळे वटारून बघायला लागलं. मावशी नुसत्या हात जोडून उभ्या.

मग आला गुळ्या. गुळाच्या ढेपेच्या रंगाचा गल्लीतला कुत्रा. तिथली रीत अशी, की गल्लीतल्या कुत्र्यांना आणायचं, पिल्लं वाढू नयेत म्हणून शस्त्रक्रिया करून लस टोचायची, खूण म्हणून कानाला छोटीशी खाच द्यायची आणि जिथून आणलं त्याच गल्लीत परत सोडायचं. ज्याची गल्ली ठाऊक नाही, तो आसऱ्यातच राहायचा.

गाडीवाले भिकनदादा खाली उतरत ओरडले, "लिही गं, कासार आळी, पिंपळाच्या पारासमोर!"

हौसाने पेन उचललं. तेवढ्यात गुळ्याने तिच्या पावलावर हनुवटी टेकली आणि डोळे मिटले. आजवर असं कुणी तिच्यापाशी विसावलं नव्हतं. तिचं पेन थबकलं. मग तिने हळूच लिहिलं, 'कुठून आला: ठाऊक नाही.'

चार दिवस हौसाला आभाळ ठेंगणं झालं. आपल्या अर्ध्या भाकरीतली अर्धी ती गुळ्याला द्यायची. पण पाचव्या दिवशी त्याने भाकरी हुंगली आणि तोंड फिरवलं. सहाव्या दिवशी पाणीही नको. तो फाटकाकडे तोंड करून पडून राहायचा.

नवव्या दिवशी डॉक्टरबाईंनी त्याला तपासून मान हलवली. "जखम भरलीय. पण यानं जगायचंच सोडलंय, मावशी. आजचा दिवस निघाला तर निघाला."

हौसा वही घेऊन गुलबक्षीपाशी पळाली. घाईघाईने लिहिलं, 'गुळ्याला वाचव.' अक्षरं चमकली नाहीत. पाण्यावर लिहावीत तशी विरून गेली. पुन्हा लिहिलं, पुन्हा विरली.

"परीताई, असं काय गं करतेस!" ती रडू लागली.

परी पाकळीवर आली. "मी नाही, हौसे. वरची ओळ वाच बरं."

हौसाने वाचली. कानशिलं तापली. पान फाडावं? शाईने गिरगटून टाकावं?

"फाडलंस तर गुळ्याचं नावही जाईल," परी हळूच म्हणाली.

हौसा वही छातीशी धरून अंगणात आली. सगळ्यांसमोर म्हणाली, "मावशी, मी खोटं लिहिलं. गुळ्या कासार आळीचा आहे. मला तो हवा होता."

भिकनदादांनी कपाळावर हात मारला. "घसा फोडून सांगितलं होतं गं भवाने! मला वाटलं, मावशींनी सोडायचं लांबवलंय."

"गप रे," मावशी म्हणाल्या. हौसाच्या डोक्यावरून त्यांनी हात फिरवला. "खोडू नकोस असं की वाचताच येणार नाही. एक आडवी रेघ मार. खाली खरं लिही."

हौसाने रेघ मारली. खाली लिहिलं, 'कासार आळी, पिंपळाच्या पारासमोर.' आणि त्याखाली, 'गुळ्याला वाचव. त्याला घरी जाऊ दे.'

काय सांगू तुम्हाला! वहीतून उजेडाची कारंजी उडाली. गाढवी स्तब्ध झाली, मांजरीच्या पिल्लांनी डोळे विस्फारले, मी हातातलं कण्यांचं पोतं तसंच धरून उभा राहिलो. गुळ्याने कान टवकारले, खाच असलेला आणि नसलेलाही. मग उठला, अंग झाडलं, आणि फाटकाशी जाऊन भुंकला.

गाडी कासार आळीत शिरली, तर पारासमोर बांगड्यांच्या दुकानाच्या पायरीवर रंगनाथआजोबा बसलेले. बांगड्या भरणारे, डोळ्यांनी जवळजवळ आंधळे. गुळ्या पुढे चालायचा आणि त्याच्या पावलांच्या आवाजावर आजोबा गावभर फिरायचे. शेजारी दुधाची वाटी.

"नऊ दिवस झाले," शेजारीण कुजबुजली, "पायरी सोडली नाही म्हाताऱ्यानं."

गुळ्याने झेप घेतली. आजोबांची बोटं त्याच्या कानावर फिरली, खाचेपाशी थांबली. "आलास होय रे, भटक्या? आणि हे काय, कान टोचून आलास?" ते हसत होते आणि रडत होते, आणि दुकानातल्या हजार बांगड्या वाऱ्यावाचून किणकिणत होत्या.

हौसा पुढे झाली. खरं ते सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता. आजोबांनी गुळ्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"कुठं राहतेस, पोरी?"

"गिरणीमागं. पत्र्यात."

"माझी पुढची खोली रिकामी आहे. आईला घेऊन ये. बांगड्यांचे रंग सांगायला मला खरं बोलणारीचे डोळे हवेत."

त्या संध्याकाळी हौसाने वहीत आणखी एक ओळ लिहिली. 'हौसा. कुठून आली: गिरणीमागचा पत्रा. कुठे सोडली: कासार आळी, गुळ्याशेजारी.' शेवटच्या अक्षराशी गुलबक्षीवर राणी आणि पिवळा प्रकाश भरून आला. परी त्या ओळीवरून एकदा पाऊल न वाजवता चालली, हौसाकडे बघून हसली, आणि प्रकाश विझला तेव्हा फांदीवर फक्त फुलं होती.

ती वही मी पाहिलीय. आडवी रेघ अजून तशीच आहे, खालची ओळ आजही किंचित चमकते. म्हणून बाळांनो, एक मागणं मागतो. वही कसलीही असो, चुकलं तर पान फाडू नका. रेघ मारा आणि खाली खरं लिहा. एवढा हिशोब चोख ठेवाल ना माझ्यासाठी?