हत्तीसाठी वाढवलेली ओसरी

फार पूर्वी एका नगरात खेळ रचणाऱ्यांची अख्खी पेठ होती. कापडी पट, लाकडी सोंगट्या, कवड्या, फासे, जे म्हणाल ते तिथे मिळे. त्या पेठेतला खेळ घरात आला, की चुलीवरचं दूध उतू गेलं तरी कुणाचं लक्ष नसे.

पेठेची एक रीत होती. जत्रेत प्रत्येक कारागीर आपल्या पुढच्या वर्षीच्या खेळाचा मोठा रंगीत पडदा लावायचा आणि दवंडी पिटवायचा. लोक माना उंच करून पडदा बघायचे आणि वर्षभर खेळाची वाट बघायचे. कधी खेळ यायचा. कधी पुढच्या जत्रेत पडद्याच्या जागी नुसते दोन बांबू उभे असायचे.

अशा वेळी कुणी काही विचारत नसे. विचारणं वाईट दिसतं, असं तिथली शहाणी माणसं म्हणत. लोक विचारत नाहीत म्हणून कारागीर सांगत नसत, आणि कारागीर सांगत नाहीत म्हणून लोक विचारत नसत. मोठा सोयीचा कारभार होता. पडदे मात्र वाया जात नसत. ते फाडून गोधड्यांच्या कापडासाठी विकले जात.

या पेठेत एक हुशार कारागीर होता. एका वर्षी त्याने 'हजार दारांचं शहर' या खेळाचा पडदा लावला. खरं सांगायचं तर खेळ अजून झालाच नव्हता. डोक्यात एक कल्पना होती आणि जत्रा तोंडावर आली होती, म्हणून त्याने आधी पडदा रंगवून घेतला. पडद्यावर भरजरी झूल घातलेला एक हत्ती सोंड उचलून शहराच्या दारातून आत शिरत होता.

"ऐका हो ऐका!" दवंडीवाला ओरडला. "हजार दारांचं शहर येत आहे! पट एवढा मोठा, की अंथरायला ऐसपैस जागा लागेल!"

लोक हत्तीसमोरून हलेनात. कारागिराची छाती फुगली. घरी जाऊन तो कामाला लागला, आणि तिथेच घोडं अडलं. म्हणजे हत्ती अडला.

शहराच्या गल्ल्या होत्या अरुंद. हत्तीची सोंगटी एकदा गल्लीत शिरली, की मागचे सगळे खेळाडू हात बांधून बसत. गल्ल्या रुंद केल्या तर पट घरात मावेना. हत्ती लहान केला तर तो डुकरासारखा दिसू लागला.

"हत्ती काढून टाकू या," त्याचा भागीदार म्हणाला. "बाकीचा खेळ छान आहे."

"आणि लोक काय म्हणतील? पडद्यावर हत्ती आहे ना!"

"मग खेळ पडद्यासाठी करायचाय की खेळणाऱ्यांसाठी?"

कारागिराला राग आला, कारण उत्तर त्याला ठाऊक होतं. त्याने हत्ती ठेवला. हत्तीला वळता यावं म्हणून चौक आणले, चौक ओलांडायला पूल आणले, पुलांसाठी नवे नियम आणले. शेवटी शेजाऱ्यांना बोलावून खेळ मांडला. नियम सांगता सांगताच अर्धे लोक जांभया देऊ लागले, आणि एक आजोबा तर सोंगटी हातात धरूनच घोरू लागले. महिनाभराने भागीदार दुसऱ्या कारखान्यात निघून गेला.

जत्रा आली. कारागीर पेठेच्या नगरशेठकडे गेला.

"शेठजी, खेळ काही जमला नाही. लोकांना तसं सांगून टाकू का?"

"छे, छे! सांगितलं की लोक बोलणार," नगरशेठ म्हणाला. "गप्प राहा. लोक विसरतात."

सांगावं की गप्प राहावं, याचा कारागिराने थोडा वेळ विचार केला. गप्प राहणं सोपं होतं. त्याने पडद्याची घडी घालून तो गोधडीवाल्याला विकला आणि दोन बांबू तसेच उभे ठेवले. येणारेजाणारे बांबूंकडे बघून नजर वळवत. पुढे त्याने विहीर आणि खड्यांचा एक लहानसा खेळ केला. तो चांगला खपला. लोक खरंच विसरले, अशी त्याची खात्री पटली.

बऱ्याच वर्षांनी तो हाच लहान खेळ विकायला दूरच्या गावांत फिरत होता. एका दुपारी ऊन फार लागलं, म्हणून तो एका म्हाताऱ्या जोडप्याच्या घरी टेकला. घर दोन खणांचं, पण ओसरी अशी, की तिच्यावर लग्नाची पंगत बसावी. सारवून लख्ख केलेली आणि पूर्ण रिकामी. कोपऱ्यात देवळीत एक पणती होती. म्हातारीच्या मिरच्या मात्र अंगणात धुळीत वाळत पडल्या होत्या आणि कोंबड्या त्यांतून फिरत होत्या.

"एवढी मोठी ओसरी कशी काय, आजी?" त्याने विचारलं.

"एका खेळासाठी वाढवली, बाबा," म्हातारीने गोधडी अंथरत सांगितलं. "बसा. लेकी सासरी गेल्या, घर खायला उठायचं. जत्रेत दवंडी ऐकली, मोठ्या पटाचा खेळ येणार म्हणून. म्हटलं, आपण जागा करू. खेळ आला की सगळं गाव आपल्या ओसरीवर येईल."

कारागीर गोधडीवर बसला होता. त्याची नजर खाली गेली. त्याच्या दोन गुडघ्यांच्या मधून त्याचाच हत्ती त्याच्याकडे बघत होता.

"मग... खेळ आला नाही?"

"कुठला येतोय!" म्हातारा म्हणाला. "चार-पाच जत्रा चालत गेलो. नुसते बांबू. शेवटी ही म्हणाली, तो माणूस वारला असणार. जिता माणूस एवढी दवंडी पिटून गप्प बसेल का? मग गोधडीवाल्याकडे पडद्याचा तुकडाच सापडला, तेव्हा खात्री झाली. दर जत्रेला त्याच्या नावाने पणती लावतो."

"ओसरी तेवढी मोकळी ठेवली," म्हातारी म्हणाली. "त्याचा मुलगा, शिष्य, कुणीतरी खेळ पुरा करील. तेव्हा जागा नको का?"

कारागिराला उठून चालू लागणं अजूनही सोपं होतं. इथे त्याला कुणी ओळखत नव्हतं.

"आजी," तो म्हणाला, "तो माणूस मीच."

म्हातारा पुढे सरकून त्याचा चेहरा न्याहाळू लागला.

"म्हणजे आम्ही जत्रेला येत होतो, तेव्हा तुम्ही होता?" म्हाताऱ्याने विचारलं.

"होतो. दोन दुकानं सोडून बसलेला असायचो."

"आजारी होता?"

"नाही. हत्ती गल्लीत अडकत होता. मला तो काढवेना. खेळ बिघडला, आणि मला सांगायची लाज वाटली."

"एवढंच?"

"एवढंच."

म्हातारी उठली. ती चिडली होती आणि तिने ते लपवलं नाही. "खेळ फसला म्हणून मी काही बोलले नसते. माझ्याही भाकरी करपतात. पण तुम्ही मेलात म्हणून मी रडले होते हो!"

तिने देवळीतली पणती उचलून आत नेऊन ठेवली. मग अंगणात गेली, कोंबड्या हाकलल्या, मिरच्या सुपात भरल्या आणि आणून त्या लख्ख ओसरीवर पसरल्या. कारागीरही तिच्याबरोबर मिरच्या पसरू लागला. संध्याकाळपर्यंत त्याचे हात भगभगत होते.

पुढच्या जत्रेत त्याने जुनेच दोन बांबू रोवले, मध्ये उभा राहिला आणि स्वतःच दवंडी दिली. "ऐका हो! हजार दारांचं शहर येणार नाही. आधी पडदा रंगवला आणि मग पडद्यातून बाहेर पडता आलं नाही. चूक माझी आहे. वाट बघू नका."

नगरशेठने कपाळावर हात मारला. काही लोक हसले, काहींनी चार शब्द सुनावले. एकाने विचारलं, हत्तीच का नाही काढला? त्याचा जुना भागीदार गर्दीत उभा होता. तो खूप मोठ्याने हसला.

त्यानंतर त्या पेठेची रीत बदलली. परक्या माणसांनी खेळून बघितल्याशिवाय पडदा लागत नाही. तरीही काही खेळ फसतातच. मग कारागीर बांबूंमध्ये उभा राहून तसं सांगतो. लोक चिडतात, हळहळतात, आणि घरी जाऊन आपापल्या ओसरीवर मिरच्या वाळत घालतात.

तात्पर्य: कबूल केलेलं काम फसलं तर लोक रागावतात आणि विसरतात, पण फसलेलं लपवलं, तर कुणीतरी उगाच जागा मोकळी ठेवून बसतं. म्हणून काम होणार नसेल, तर निदान तसं सांगावं.