दोन हजार पाचशे वीस लाडू

फार फार मागं, बोरजाई गावात दोनच आळ्या होत्या, तेव्हापासूनची ही गोष्ट. भैरोबाच्या जत्रेला बुंदीचे लाडू व्हायचे आणि आळ्यांना सारखे वाटले जायचे. एखादा जरी उरला, तरी भांडण ठरलेलं. भांडलेले लोक फुटून नवी आळी करायचे, म्हणून दरवर्षी वाटेकरी वाढायचे. अशाच एका उरलेल्या लाडवापायी चिमाक्का आचारिणीच्या नवऱ्याचे पुढचे दात पडले. गुरव म्हणाला, "आता आणखी कुणाला लागलं, तर जत्रा बंद."

चिमाक्काला जत्राही हवी होती आणि नवऱ्याचे राहिलेले दातही. ती अंगणात चिंचोके घेऊन बसली. दोनापासून दहापर्यंत वाटे पाडून बघायची. सातात जमलं की आठात उरायचे, आठात जमलं की नवात. मग आणखी चिंचोके. असं म्हणतात, त्या उन्हाळ्यात तिला चिंचोके पुरवायला घरोघरी नुसतं चिंचेचं सार होतं. अखेर दोन हजार पाचशे विसांवर ती थांबली. कितीही वाटे करा, दहापर्यंत एकही उरेना.

तेवढेच लाडू तिनं वळले. असं म्हणतात, तुपाच्या वासानं नदीपलीकडची माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी पोहत आली. त्या वर्षी आळ्या होत्या सात. प्रत्येकीला तीनशे साठ, शिल्लक काही नाही. पुढं आठ झाल्या, नऊ झाल्या, दहा झाल्या, तरी तेच. लोक काठ्या घेऊन यायचे आणि लाडू घेऊन जायचे.

दौलतराव इंगवल्यांना भांडणाशिवाय अन्न गोड लागत नसे. ते वाळायला लागले. मग त्यांनी दोन भावांना घेऊन बाभळीमागं अकरावी आळी काढली.

"आता वाट," ते म्हणाले.

प्रत्येकी दोनशे एकोणतीस गेले आणि परातीत एक लाडू उरला. देवळापुढं काठ्या वर झाल्या. चिमाक्कानं लाडवाकडं बघितलं, नवऱ्याच्या तोंडाकडं बघितलं आणि तो लाडू सगळाच्या सगळा आपल्या तोंडात टाकला.

"कसा झालाय?" गुरवानं विचारलं.

तिला बोलता येईना. उत्तर ऐकल्यावाचून मारामारी तरी कशी करायची, म्हणून सगळे थांबले. असं म्हणतात, दिवस मावळेपर्यंत ती तो लाडू चावत होती. काठ्या धरलेले हात भरून आले.

"वेलची कमी पडली," शेवटी ती म्हणाली.

"कमी कुठाय? जास्तच झालीय," दौलतराव म्हणाले, आणि वाद पेटला. पण हात उचलायची ताकद कुणातच नव्हती. दौलतराव त्या रात्री पोटभर जेवले.

अजून बोरजाईत तेवढेच लाडू होतात. अकरा आळ्यांत वाटून उरलेला एक गावातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या आचारिणीच्या तोंडात घालतात. तो गिळेपर्यंत कुणी बोलत नाही. मग वेलचीवरून वाद होतो. मध्यंतरी बारावी आळी करायचं घाटत होतं. पण बारांत वाटले तर एकही उरत नाही, हे कळल्यावर अख्ख्या गावानं एक होऊन ती मोडून काढली.