वाढलेली लाज

"पण आक्का, अंग बरं होत असताना माणूस दुःखी का होईल?"

आक्का मेथी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

नदीकाठच्या त्यांच्या मठात दर गुरुवारी जुनाट त्वचारोगाची माणसं येतात. आक्कांचा शिष्य डॉक्टर विहंग त्यांना तपासतो. पोरगा हुशार. आपण हुशार आहोत हे त्याला जरा जास्तच ठाऊक, एवढंच.

"कोण दुःखी झालं?"

"चंपूताई. सोरायसिसवाल्या. कपाळावरच्या, हातांवरच्या खपल्या निम्म्याहून जास्त गेल्यात. पण मी नुसती कातडी बघत नाही आक्का, जगणं मोजतो! ठरलेले प्रश्न असतात. लाज वाटते का? चारचौघांत जायला अडचण होते का? कपडे निवडताना विचार पडतो का? उपचारांआधी बाई म्हणाल्या, छे, काहीच नाही. आता प्रत्येक प्रश्नाला म्हणतात, फार! हे औषध त्यांच्या मनाला मानवत नाही. आजपासून बंद."

"तिला सांगितलंस?"

"सांगितलं. रडायला लागल्या. तेही त्यातलंच लक्षण."

"धन्य आहेस बाबा," आक्का म्हणाल्या आणि त्यांनी चंपूताईंना हाक मारली.

चंपूताई पदरानं डोळे पुसत आल्या.

"काय गं, आधी लाज वाटत नव्हती तुला?"

"कुणाची वाटणार आक्का? मी घराबाहेर पडतच नव्हते. कुणाचं बारसं नाही, हळदीकुंकू नाही. लांब बाह्यांचं पोलकं घालायचं नि चुलीपुढं बसायचं."

"आणि आता?"

"आता जाते की! परवा सुतारांकडं गेले, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. सुतारीणबाईंनी सगळ्यांना कुंकू लावलं. माझ्यापुढं आल्या नि करंडाच हातात दिला. म्हणाल्या, घ्या तुमचं तुम्ही लावून... मेल्याहून मेल्यासारखं झालं बघा."

विहंग खाली बघू लागला.

"मग काय केलंस?"

"लावलं माझं मी. चांगलं ठसठशीत! नि बसले तिळगूळ खात." चंपूताईंना आता हसू आवरेना. "पुढच्या शुक्रवारी कुंभारांकडं बोलावणं आहे. आखूड बाह्यांचं पोलकं शिवायला टाकलंय. घालायचा धीर होतोय का नाही, देव जाणे. सारखं तेच डोक्यात... तेवढं औषध बंद करू नका हो डाक्टर."

विहंगचे कान लाल झाले होते.

...

"आक्का, मी मोजायला चुकलो?"

"नाही रे. मोजलंस अगदी बरोबर."

"मग आता काय करू?"

आक्कांनी मांडीवरची मेथीची देठं झटकली. त्यांचा चेहरा खुलला होता.

"औषध दे. अजून थोडी लाज वाटू दे तिला."