हिरूबायचा अडलेला शब्द

खाडीवर पूल नव्हता आणि पलीकडच्या तीरावर जायला दोन भरत्यांची वाट बघावी लागायची, तेव्हाची ही गोष्ट. मांडवखार नावाचं गाव खाडीच्या काठाला होतं, आणि ते खाडीपेक्षा खाली होतं. ऐकणाऱ्याला खोटं वाटेल, पण तसंच होतं. मध्ये मातीचा लांब बांध, बांधापलीकडे समुद्राचं पाणी, अलीकडे भातशेती आणि घरं. उधाणाच्या भरतीला घरात जेवायला बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या वर पाणी उभं असायचं. म्हणून त्या गावची माणसं घास चावतानाही एक कान बांधाकडे ठेवायची, असं म्हणतात.

त्या गावात हिरूबाय राहायची. तिचं माणूस म्हणजे एकच, धाकटा भाऊ पोशा. आईबाप पटकीच्या साथीत गेले तेव्हा तो रांगत होता. हिरूबायनेच त्याला पेज भरवून वाढवलं. आता तो ताडासारखा उंच झाला होता, पण डोकं तापट. बोलण्याआधी हात उचलायचा, आणि तो बहुतेक वेळा बहिणीपायीच उचलायचा. कारण हिरूबायचा शब्द अडायचा, आणि लोक हसायचे.

बोलताना अडायचा, तसा गातानाही अडायचा. तरी ती रोज गायची. गाणं तरी केवढं? "देवा, तू मोठा. देवा, तू जवळ." एवढंच. पण पहिला 'देवा' निघेपर्यंत जात्यातलं पायलीभर भात भरडून व्हायचं.

विहिरीवरच्या बाया म्हणायच्या, "हिरूबाय, तुझा देवा तोंडातून निघेपर्यंत देव दुसऱ्या गावाला जाईल गो!"

हिरूबाय हसायची. "ज... ज... जाऊ दे. य... येईल परत."

बांधावर मात्र तिला कुणी येऊ देत नसे. बांध फुटला की भगदाड पडायचं, त्याला खांड म्हणत. खांड बुजवायला सारा गाव रांगेत उभा राहायचा आणि चिखलाचे गोळे हातोहात पुढे जायचे. हे काम गाण्याच्या ठेक्यावर चालायचं. हाकाऱ्या ओळ म्हणायचा, रांग झेलायची आणि ठेक्याला गोळा सरकायचा. ठेका चुकला की गोळे पडायचे, आणि पाणी बुजवलेलंही खाऊन टाकायचं. अशा ठिकाणी जिची जीभ अडते तिचं काय काम?

मग ती भाद्रपदातली अमावस्या आली. भात पोटरीला आलं होतं. भरदुपारी उधाण चढलं आणि त्यात नैऋत्येचा वारा सुटला. खेकड्यांनी पोखरलेल्या जागी बांध आधी पाझरला, मग खचला. बघता बघता बैलगाडी जाईल एवढी खांड पडली.

माणसं धावली. बायांनी पोरं माळ्यावर चढवली. एका म्हातारीने बियाण्याचं गाठोडं डोक्याला बांधून घेतलं आणि ती दारातच बसून राहिली. बिळांत पाणी शिरलं म्हणून साप वर आले. साप आणि माणसं एकाच बांधावर उभी होती, आणि कुणी कुणाला भीत नव्हतं, कारण दोघांना एकाच गोष्टीची भीती होती.

जोमाबा गावचा हाकाऱ्या, चाळीस वर्षं हाक देत आलेला. त्याने हाक द्यायला तोंड उघडलं आणि खाडीकडे बघितलं. पाणी मातकट नव्हतं, काळं होतं, आणि त्याच्या मागे आणखी पाणी उभं होतं. जोमाबाचं तोंड उघडंच राहिलं. आवाज आला नाही. रांगेत सगळ्यांच्या हातात गोळे होते, पण कुणाचा घसा चालेना. खांडीच्या तोंडाशी, समुद्राच्या बाजूला उतरून गोळे थापायला दोन गडी लागायचे. ते दोघेही घाबरून वर चढून आले होते. ती जागा मोकळी पडली होती.

तेवढ्यात शेताच्या वाटेने हिरूबाय आली. लुगडं खोचलेलं, पाय चिखलाने भरलेले.

"हिला कुणीतरी घरी न्या रे!" रांगेतली एक बाई ओरडली. "हाय ती खांड मोठी करील!"

पोशा रांगेच्या खांडीकडच्या टोकाला होता. तो खेकसला, "बाय, मागं फिर! तुला काय येतंय हितं?"

"म... मला काय येत नाय," हिरूबाय म्हणाली. तिने आभाळाकडे बघितलं. "त... त्याला येतंय."

आणि पोशाने हात धरायच्या आत ती समुद्राच्या बाजूला उतरली. पाणी तिच्या छातीला लागलं. तिने ओंजळ पुढे केली आणि गायला तोंड उघडलं. शब्द अडला.

"दे... दे... दे..."

रांगेतल्या पहिल्या माणसाने 'दे' ऐकलं आणि हातातला गोळा पुढे दिला. का दिला, ते त्यालाही कळलं नाही. पुन्हा 'दे' आलं, दुसऱ्याने दिला. तिसऱ्याने दिला. गोळे हातोहात चालू लागले. "दे... दे... देवा!" म्हणताना गोळा हिरूबायच्या ओंजळीत पडायचा आणि ती तो खांडीत थापायची. असा ठेका जोमाबालाही कधी जमला नव्हता. जिथे ती अडायची, तिथेच काम चालायचं.

खांड अर्धी बुजली. पाणी हिरूबायच्या गळ्याला लागलं. पोशाला ते बघवेना. शब्द लवकर संपला तर ही लवकर वर येईल, असं त्याच्या तापट डोक्यात आलं. ती 'दे... दे...' करत असतानाच तो मोठ्याने ओरडला, "देवा!"

अर्ध्या रांगेने गोळे दिले, अर्धी थांबली. गोळ्यावर गोळे आदळले. थापलेली माती वाहून गेली आणि एक गडी पाण्यासोबत खाली शेतात फेकला गेला. चार हात बुजवलेलं एका शब्दात गेलं.

हिरूबायने भावाकडे बघितलं. डोळ्यांत राग नव्हता. तिने एक बोट वर केलं, पोर जेवायची घाई करतं तेव्हा करायची तसं. थांब.

आणि तिने पुन्हा सुरुवात केली.

आता पोशाने ओठ दातांखाली धरला. रक्त हनुवटीवर आलं, तरी बोलला नाही. तेव्हा खाडीतून माणसाच्या दुप्पट उंच लाट उठली आणि हिरूबायच्या पाठीशी येऊन उभी राहिली. उभीच राहिली. तिचा शब्द पुरा व्हायची ती वाट बघत होती, असं म्हणतात. जिच्या बोलण्याला गावातलं एक माणूस कधी थांबलं नाही, तिच्यासाठी समुद्र थांबला.

खांड भरत आली. एका गोळ्याची जागा उरली, आणि तो गोळा पोशाच्या दोन्ही हातांत होता. तो टाकला तर बहिणीला वर ओढता आलं असतं. पोशाने लाटेकडे बघितलं, मागे घरांकडे बघितलं.

"बाय, वर ये! हात दे!"

हिरूबायने गोळ्याकडे बघितलं. पाणी तिच्या ओठांशी होतं.

"दे..." ती म्हणाली.

पोशाने दिला. तिने तो थापला. पोशाने वरून हाताचा तळवा दाबला आणि मान वर केली, तेव्हा पाणी सपाट होतं आणि ओहोटी लागली होती. हिरूबाय नव्हती.

लोकांनी संध्याकाळपर्यंत चिखल तुडवला. पावलाचा ठसासुद्धा सापडला नाही. पोशा बांधावर बसून आभाळाला शिव्या घालत होता. "तुला माझीच दिसली? सगळ्या गावात माझीच?" कुणी त्याला गप्प केलं नाही.

मग जोमाबा जवळ आला. त्याचा आवाज परत आला होता, पण दबका होता. "पोशा, तिचा शब्द तोंडातच राहिला रे. तू पुरा कर. तिला वाट मिळेल."

"नाय," पोशा म्हणाला. "तो तिचा हाय. ती करील."

तो तीन भरत्या तिथेच बसला, असं म्हणतात.

त्या जागी बांध पुन्हा कधी फुटला नाही. दर वैशाखात गाव बांधाला नवी माती चढवतं. त्या दिवशी हाकाऱ्या मागे राहतो. ज्याची जीभ अडते किंवा ज्याचा आवाज थरथरतो, त्याला पुढे उभं करतात. "दे... दे... देवा" म्हणत गोळे चालतात. शेवटचा गोळा मात्र नुसत्या 'दे'वर बसवतात. मग सगळे रिकामे हात पुढे करून, पाणी बांधाला लागून परत फिरेपर्यंत उभे राहतात. पुढचं अक्षर कुणी म्हणत नाही. एखाद्या नव्या सुनेचे ओठ चुकून हलतात, तेव्हा शेजारची बाई हळूच तिचं मनगट धरते.

"थांब गो. तिला बोलू दे."